टीबीचा माग पत्त्यावरून काढावा लागतो

भारतातून टीबी २०२५ पर्यंत हद्दपार करायचा, असे सरकारने ठरवले होते. जगाने २०३० ची मुदत ठेवली, आपण पाच वर्षे आधीची घेतली. हद्दपार म्हणजे एकही रुग्ण राहणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना टीबी होत होता. २०२४ मध्ये हा आकडा १८७ वर आला. घट झाली ती २१ टक्क्यांच्या आसपास. एकट्या मुंबईत अजूनही वर्षाकाठी ६० हजारांच्या घरात रुग्णांची नोंद होते.

थुंकीची तपासणी फुकट, गोळ्या फुकट, वर पोषणासाठी खात्यात पैसे, तरी गाडी अडते कुठे, असा प्रश्न कुणालाही पडेल. माझ्या मते ती अडते रुग्णाच्या दाराशी. आपण माणूस शोधतो, त्याला गोळ्या देतो, सहा महिने त्याच्या मागे लागतो. ते केलेच पाहिजे. पण तो ज्या खोलीत झोपतो, ज्यांच्याबरोबर झोपतो आणि ज्या इमारतीत ती खोली आहे, तिथपर्यंत आपण अर्धेमुर्धेच पोहोचतो. मुंबईसारख्या शहरात खरा प्रश्न तिथे आहे.

जंतू खोलीत कसा राहतो

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला. म्हणून त्या तारखेला दरवर्षी जागतिक क्षयरोग दिन पाळतात. हा जंतू फार संथ आहे. बरेचसे जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात. याला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. त्यामुळे आजार दबक्या पावलांनी येतो आणि औषधही आठवड्यांऐवजी महिनोन् महिने घ्यावे लागते.

नखे आणि केस सोडले तर टीबी शरीरात कुठेही होऊ शकतो. मणक्यात होतो, आतड्यात होतो, मेंदूच्या आवरणातही होतो. दुसऱ्याला लागतो तो मात्र मुख्यतः फुप्फुसाचा. रुग्ण खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात. त्यातले पाणी लगेच उडून जाते आणि उरलेला कण इतका हलका असतो की तो खाली न पडता तासन् तास हवेत तरंगत राहतो. दारे-खिडक्या लावून उदबत्ती पेटवली तर ती विझल्यावरही खोलीत वास रेंगाळतो; समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर थोड्याच वेळात तिथे काही पेटवले होते हेसुद्धा कळत नाही. टीबीचे कण नेमके असेच वागतात. फरक एवढाच की त्यांना वास नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ताट-वाटी, चादर, हस्तांदोलन यांतून टीबी पसरत नाही. घरात सुनेचे ताट वेगळे ठेवणे, तिला मुलाला जवळ घेऊ न देणे हे प्रकार आजही सर्रास चालतात आणि त्यांनी आजार तसूभरही थांबत नाही. बाई मात्र मनाने खचते आणि गोळ्या लपवून घ्यायला लागते. दुसरी, एकाच बंद हवेत किती तास काढले यावर बरेच ठरते. लोकलमध्ये शेजारी कुणी चारदा खोकले म्हणून घाबरायचे कारण नाही. रोज रात्री आठ तास एकाच खोलीत झोपणाऱ्यांची काळजी करायला हवी.

लागण झाली म्हणजे आजार झाला का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांचे शरीर त्याला कोंडून ठेवते. माणूस ठणठणीत असतो, कुणाला लागण देत नाही, एक्स-रेही स्वच्छ येतो. याला सुप्त लागण म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांमध्ये ती आढळली. म्हणजे साधारण दर तीन प्रौढांमागे एक.

अशा शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. धोका सगळ्यात जास्त असतो तो लागण झाल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत. कुपोषण, मधुमेह, तंबाखू, दारू किंवा एचआयव्ही यांनी शरीराची पकड सैल झाली की कोंडलेला जंतू बाहेर येतो. घरात नुकताच रुग्ण सापडला असेल तर त्या घरातली बाकीची माणसे याच धोक्याच्या काळात असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा पहिल्या रुग्णाचे निदान झाले की घरच्यांचे काम संपत नाही, तिथे ते सुरू होते.

एका रुग्णामागची माणसे

२०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. ही नोंद ‘निक्षय’ या ऑनलाइन नोंदवहीत होते. नोंद झाली की त्या विभागातला पालिकेचा टीबी आरोग्य कर्मचारी घरी येतो. घरात किती माणसे, कुणाला खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरले का, रात्री घाम फुटतो का, एवढे विचारतो. संशय वाटला तर थुंकीसाठी झाकणाची डबी देतो. इथली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. डबीत लाळ नको, सकाळी उठल्यावर खोल खाकरून छातीतून काढलेला बेडका हवा. बाईमाणसाला सार्वजनिक नळापाशी चारचौघांत असे खाकरायला संकोच वाटतो, मग डबीत नुसती लाळ येते आणि तपासणी निर्दोष ठरते. त्या डबीबरोबर दोन मिनिटे थांबून नीट समजावणारी सेविका असेल तर निदान होते, नसेल तर हुकते.

पूर्वी थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघत, पण त्यात जंतू भरपूर असतील तरच ते दिसत. आता सीबीनॅट आणि गोव्यात बनलेले ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूचा जनुकीय अंश शोधतात. काही तासांत टीबी आहे की नाही हे कळते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर लागू पडेल का, हेही समजते.

तरीही नुसते प्रश्न विचारून भागत नाही. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के असे होते की छातीचा एक्स-रे काढला नसता तर ते सुटून गेले असते. त्यांना सांगण्यासारखा त्रासच नव्हता. म्हणून आता हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे वस्तीत नेली जातात. घरच्या सगळ्यांचा एक्स-रे निघाला पाहिजे, ‘आम्हाला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचाही.

आणि ‘घरचे’ म्हणजे तरी कोण? गोवंडी-शिवाजीनगरमध्ये जरीचे कारखाने आहेत, धारावीत शिलाईचे आहेत. पोटमाळ्यावर आठ-दहा पोरे दिवसभर काम करतात आणि रात्री तिथेच अंथरूण टाकतात. त्यांतल्या एकाला टीबी झाला तर त्याचे कुटुंब बिहारमध्ये असते आणि नोंदवहीतला घरच्यांचा रकाना कोरा राहतो. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या नऊ जणांची चौकशी होतेच असे नाही. मालकाला कळले तर काम जाईल म्हणून तो मुलगाही पत्ता सांगायला कचरतो. त्यापुढे तो गावी निघून गेला की साखळी आणखी तुटते. निक्षयमध्ये रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्याची सोय आहे, पण जाण्याआधी सांगितले तरच तिचा उपयोग. कोकणात गणपतीला, शिमग्याला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. दवाखान्यात आधी सांगितले तर जास्त दिवसांच्या गोळ्या बरोबर मागता येतात.

‘घरचे धडधाकट आहेत, त्यांना गोळ्या कशाला?’

घरोघरी हा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. निरोगी माणसाला औषध द्यायचे तर कारण पटले पाहिजे. आजार नाही याची खात्री केल्यावर सुप्त लागणीवर प्रतिबंधक उपचार देतात. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घ्यायचे औषध आता उपलब्ध आहे. आयसोनियाझिडची रोज एक गोळी सहा महिने घेण्याचा जुना मार्गही आहे. पूर्वी हे उपचार पाच वर्षांखालील मुले आणि एचआयव्हीबाधितांपुरते होते. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते घरातल्या सगळ्या वयोगटांसाठी खुले केले.

यावर एक जाणता आक्षेप असतो: अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होईल ना? प्रत्यक्ष टीबी असताना एकच औषध दिले तर तसे होऊ शकते. म्हणून आधी एक्स-रे आणि तपासणी. ती पायरी गाळून कुणी गोळ्या हातात ठेवत असेल तर जरूर अडवा.

‘आम्ही बीसीजी घेतली आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ती लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्व अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, म्हणून ती द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा धरता येत नाही.

मुंबईचा निगरगट्ट टीबी

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधे ज्या जंतूवर चालत नाहीत, त्या टीबीला एमडीआर म्हणतात. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस अशा चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्यावर तेव्हा तपासलेले एकही औषध चालत नव्हते. देशभर खळबळ उडाली आणि मुंबईकडे लक्ष वेधले गेले.

ही वेळ का आली, याचे एक उत्तर धारावीत आधीच लिहून ठेवलेले होते. १९९१ च्या एका अभ्यासात तिथल्या १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली. २०१० मध्ये पुन्हा विचारले, तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले आणि बरोबर लिहिणारे निघाले फक्त ६. त्या काळात रुग्णाने पदरचे पैसे मोडून, डोस न चुकवता गोळ्या घेतल्या तरी तो बरा होईल याची शाश्वती नव्हती. ‘रुग्ण औषध अर्धवट सोडतात’ असा ठपका ठेवताना हे विसरता कामा नये.

एमडीआरचे जुने उपचार दीड-दोन वर्षांचे होते. त्यात महिनोन् महिने इंजेक्शने असत आणि त्यांनी काहींची श्रवणशक्ती गेली. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन त्यांतल्याच. टीबीतून त्या वाचल्या, कान गेले. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या नव्या औषधावरची कंपनीची मक्तेदारी वाढू नये म्हणून भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. आज याच औषधाभोवती बेतलेला, इंजेक्शन नसलेला सहा महिन्यांचा उपचार आहे. भारत सरकारने त्याला २०२४ मध्ये मंजुरी दिली.

निगरगट्ट जंतूही त्याच हवेतून पसरतो. ज्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नाही, त्याला थेट एमडीआर होऊ शकतो. रुग्णाच्या निष्काळजीपणाचा त्यात काही संबंध नसतो.

इमारतीचा दोष

मानखुर्द-गोवंडी म्हणजे पालिकेचा एम पूर्व विभाग. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांची घरे गेली, त्यांना इथल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिलेली होती. त्यामुळे सात-सात मजल्यांच्या दोन इमारतींत काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरची फट राहिली.

खालच्या मजल्यावरची अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा. दारातून आत गेले की उजवीकडे मोरी, पुढे ओटा, ओट्याच्या वर एक खिडकी. ती त्या फटीत उघडते. फटीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, गळक्या पाइपांचे पाणी, उंदीर, डास. म्हणून खिडकी लावलेली. फळीवर डबे रचले की ती उघडतही नाही. भरदुपारी ट्यूब लावावी लागते. सहा माणसांनी सोडलेला श्वास रात्रभर तिथेच फिरतो. सरकारी पावतीवर हे पक्के घर आहे.

डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांबरोबर या दोन वसाहतींची तुलना मानखुर्दच्याच पीएमजीपी कॉलनीशी केली. तिथे इमारतींमध्ये अंतर जास्त आहे, ऊन-वारा येतो. २०१८ मध्ये हा अभ्यास बाहेर आला. दाटीने उभारलेल्या दोन वसाहतींत टीबी झालेली कुटुंबे पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त होती आणि उजेड-वाऱ्याची सर्वांत वाईट स्थिती खालच्या मजल्यांवर होती. एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. पण गरिबी तिन्हीकडे असताना एवढा फरक पडतो, आणि हवेतले कण कसे वागतात हेही आपल्याला ठाऊक आहे. मग दुर्लक्ष करायला कारण उरत नाही.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. या शहराला हे शंभर वर्षांपूर्वी कळलेले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; बीआयटी चाळी त्यानेच बांधल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला होता. तळाच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा कोन त्याहून जास्त चढा नको. हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. वीस मीटर उंचीला दहा मीटर. आपण तीन दिले.

ताटातले औषध

टीबी आणि भूक यांचे नाते वैद्यांपासून आजीपर्यंत सगळ्यांना माहीत होते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने ते मोजून दाखवले. रुग्णांच्या घरच्यांपैकी काहींना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, काहींना दिली नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: धान्य मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्ये ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६० टक्क्यांच्या आसपास घटला.

सरकार निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला महिना ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देते. वाढ चांगलीच. पण हे पैसे एकट्या रुग्णाच्या हिशेबाने येतात आणि शिजते ते सगळ्यांसाठी. ज्याचे खाते गावच्या बँकेत आहे किंवा आधारला जोडलेले नाही, त्याचे पैसे अडकतात ते वेगळेच. झारखंडचा धडा असा की धान्य घराच्या माणसांच्या संख्येवर मिळाले पाहिजे. मुंबईत रेशनची दुकाने आहेत, रुग्णांची नोंदवही आहे. दोन्ही जोडायला नवे यंत्र लागत नाही.

‘इमारतवार मोजले तर बदनामी होईल’

रुग्णांची नोंद इमारतवार नकाशावर मांडावी, असे म्हटले की ही हरकत येते. भीती खरी आहे. अमुक इमारतीत टीबी आहे असे पसरले की मुलींची लग्ने अडतात, भाडेकरू मिळत नाहीत. म्हणून नावे, खोली क्रमांक किंवा मजला जाहीर करायचा नाही. पण पालिकेच्या विभाग कार्यालयात, जिथे गटार साफ करणारे, इमारत विभागाचे आणि टीबीचे अधिकारी एकाच छताखाली बसतात, तिथे हा नकाशा टेबलावर असायला काय हरकत आहे? तीन वर्षांत एकाच जिन्यावर पाच रुग्ण निघाले, तर तिथल्या सगळ्यांचा एक्स-रे आधी काढा आणि दोन इमारतींमधली फट आधी साफ करा. फट स्वच्छ झाली तर खिडक्या उघडतील. जिन्याच्या जाळ्या मोकळ्या केल्या, मोरीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला तरी खोलीतली हवा हलते. इमारत पाडावी लागत नाही.

‘झोपडीपेक्षा पक्के घर बरेच ना?’ असेही विचारतात. छप्पर, नळ, संडास या बाबतीत नक्कीच. हवेच्या बाबतीत ते घर कसे बांधले यावर अवलंबून आहे. धारावीच्या पुनर्विकासात पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचे घर देण्याचे सरकारने जाहीर केले आहे. चर्चा सगळी त्या चौरस फुटांची चालते. कागदावर बदल अजून करता येतो तोवर तिथल्या रहिवाशांनी नकाशा हातात घेऊन दोन आकडे विचारावेत: इमारत किती मीटर उंच आणि समोरची इमारत किती मीटर लांब. पहिल्याला दोनाने भागले की उत्तर हातात येते.

दरम्यान, ज्यांच्या घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, संध्याकाळचा ताप आहे किंवा वजन उतरते आहे, त्यांनी जवळच्या पालिका दवाखान्यात जावे. १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत मदत क्रमांक आहे. जंतूवर लागू पडणारे औषध सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची शक्यता बरीच कमी होते. तोवर तोंडाला रुमाल किंवा मास्क, आणि झोपायला खिडकीजवळची जागा. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. तो रिफाम्पिसिनचा रंग असतो. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्यांना बरोबर न्यावे, कारखान्यात राहणाऱ्यांनी शेजारी झोपणाऱ्यांना.